चार मशीनं आणि चिमणाबाईंची म्हैस

प्रसेनजीतचं कौतुक सुरू केलं की मला थांबता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. एरवी मी कौतुक करणाऱ्यांतली नव्हे. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवत बसते आणि आत्याचं नाव मावशीच्या खाली का आलं, यावरून दिवसाआड भांडणं ऐकते. अशा कामात ज्याचा स्वभाव गोड राहील तो माणूस नव्हे, गुळाची ढेप म्हणायची. पण या एका माणसापुढं मी हात जोडले. त्यानं एका खेळापायी रक्त आटवलं, आणि त्या खेळात कुणी जिंकत नाही की कुणी हरत नाही.

आधी खेळ सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अठ्ठ्याण्णव साली आम्ही चौघं एकाच कॉलेजात होतो. प्रसेनजीतला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पहिली पानं गायब, शेवटची उंदरांनी खाल्लेली. मधल्या पानांत टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाचे नियम होते. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणणार, पुढं दरी आहे, दोर एकच आहे, आता काय करणार? मग ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या तोंडून सांगायचं, मी अमुक करतो. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार.

पुस्तकातले राक्षस आणि जादूगार प्रसेनजीतनं हाकलून दिले. त्यांच्या जागी घाट, गड, करवंदाच्या जाळ्या आणि चिरीमिरी खाणारे नाकेदार आणले. खेळाचं नाव ठेवलं डोंगरवाट. पुस्तकात सांगितलेला दहा तोंडांचा फासा कोल्हापुरात कुठं मिळेना, म्हणून दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या भरल्या. डबी हलवायची, एक चिठ्ठी काढायची. पाच किंवा वरचा आकडा आला तर काम जमलं, खालचा आला तर फसलं. जखमी माणसाला कुणी औषधपाणी केलं, तर त्याच्या आकड्यात दोन मिळवायचे. एवढंच गणित होतं, आणि ते मला जमत होतं म्हणजे कुणालाही जमलं असतं.

माझं माणूस म्हणजे तोफ डागणारी तानाबाई. विश्वजितचा होता सूरज सरदार, जेवतानासुद्धा घोड्यावरून न उतरणारा. विश्वजितच्या वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळं ऐट त्याच्या घरातच होती. आणि जोतीरामचा होता ज्ञानू वाटाड्या. ज्ञानूजवळ ना घोडा ना तलवार, त्याला फक्त वाटा ठाऊक. खरा जोतीराम कधी बोलायचाच नाही. वर्गात हजेरीला नुसता हात वर करायचा. पण ज्ञानू झाला की त्याला कंठ फुटायचा. 'अंधार पडू दे, मी मातीचा वास घेऊन वाट काढतो,' असं तो इतक्या खात्रीनं सांगायचा की आम्ही हसायचं विसरून त्याच्या मागं निघायचो.

रविवारी सकाळी सिद्धार्थनगरात प्रसेनजीतच्या घरी आम्ही जमायचो. त्याची आई, ललिताकाकू, दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आल्या की आमच्यासाठी चहा टाकायच्या आणि ज्ञानू घाट उतरला का म्हणून विचारायच्या. तिथं दोन नियम चालायचे, काळ्या दगडावरची रेघच म्हणा. पहिला नियम, ज्याचं माणूस त्याच्याच तोंडून बोलणार. म्हणून चौघं असतील तर डाव, नाहीतर चहा. दुसरा नियम जरा विचित्र होता. गोष्ट अडली की प्रसेनजीत प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवायचा. ती चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल त्यानं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर धरलं जायचं, मग ते कितीही येडपट असो. एकदा ती माझ्या हातात पडली आणि मी भूक लागली म्हणून कांदा फोडला असं सांगितलं. तानाबाईच्या कांद्याच्या वासानं सगळे पहारेकरी जागे झाले.

मग दोन हजार एक साली जोतीरामच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. गारगोटीच्या पुढं त्यांचं गाव. वडील गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी होते, त्या खुर्चीवर जोतीरामला बसावं लागलं. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. म्हशीला रविवार नसतो, त्यामुळं जोतीरामलाही उरला नाही.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं जमलो आणि चहा प्यायलो. दुसऱ्याही रविवारी चहाच. मग विश्वजित म्हणाला की त्याचा चुलतभाऊ ज्ञानूला चालवेल, पोरगा हुशार आहे. प्रसेनजीतनं मान हलवली. ज्ञानू जोतीरामचा आहे, तो आल्याशिवाय ज्ञानू जागचा हलणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि कप विसळायला उठला. माणूस बोलताना कधी आवाज चढवायचा नाही, म्हणून त्याच्याशी भांडायचीही सोय नव्हती. पावसाळा संपेपर्यंत आम्ही चहाच पीत राहिलो.

पण तो नुसता चहा पीत नव्हता. राजारामपुरीत एका दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तिथल्या टाकून दिलेल्या भागांतून त्यानं स्वतःचं मशीन जुळवलं होतं आणि मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स घातलं होतं. विश्वजितकडं नवंकोरं विंडोज. माझ्यासमोर प्रेसचं जुनं मॅक, मालकाच्या सासऱ्यापेक्षा हट्टी. आणि जोतीरामच्या संस्थेत दुधाचा हिशेब ठेवायला एक म्हातारं मशीन होतं, त्यात नुसतं डॉस. काळा पडदा, हिरवी अक्षरं, इंटरनेटचा पत्ता नाही. प्रसेनजीतच्या मनात आलं, डबी आणि चिठ्ठ्या चौघांच्या मशीनमध्ये घातल्या तर? ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्यानं आपली खेळी करावी. एका टेबलाभोवती बसायला जमत नसेल, तर टेबलच चार ठिकाणी न्यावं.

बोलायला हे सोपं होतं. ही चार मशीनं म्हणजे चार तोंडं चार दिशेला करून बसलेल्या जावा. मी माझ्या मशीनवर मराठीत लिहिलेलं विश्वजितच्या मशीनवर कावळ्याच्या पायांसारखं दिसायचं, कारण ज्याचे त्याचे फॉन्ट वेगळे. ओळ संपली हे सांगायची खूणसुद्धा प्रत्येकाची निराळी. माझा मजकूर प्रसेनजीतच्या मशीनवर उघडला की सगळ्या ओळी एकीवर एक चढायच्या, दसऱ्याच्या गर्दीत माणसं चढतात तशा. मी तर दोनदा सांगून पाहिलं की सोड नाद, पोस्टकार्डं लिहूया. त्यानं ऐकलं नाही. दुकान बंद झाल्यावर यायचा, माझ्या मॅकपुढं उभा राहून टिपणं काढायचा, आणि प्रेसचे मालक विचारतील त्यांना सांगायचा की मशीन साफ करतोय. खरोखर साफही करून जायचा.

कौतुकाची गोष्ट पुढंच आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी विंडोजवर झोकात काहीतरी केलं असतं आणि मग उरल्यासुरल्यांना तुकडा टाकला असता. हा उलट्या बाजूनं निघाला. सगळ्यात गरीब मशीन कुणाचं, तर जोतीरामचं. आधी ते तिथं चालेल असं करायचं. तिथं चित्रं दिसत नाहीत, तर चित्रं नकोत. तिथं मराठी अक्षरं उमटत नाहीत, तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, ते चारही ठिकाणी सारखंच दिसतं. तिथला प्रिंटर दुधाच्या पावतीएवढाच रुंद, तर एका ओळीत तेवढीच अक्षरं. जोतीरामच्या अंगाला बसेल असा सदरा त्यानं शिवला आणि तोच आम्हा तिघांना घालायला लावला. विश्वजित कुरकुरला की आपल्याला हे आखूड होतंय. मला मात्र, का कोण जाणे, तो सदरा फार आवडला.

डाव ने-आण करायला फ्लॉपी होती, आणि फ्लॉपी न्यायला आकाराम. आकाराम जिल्हा दूध संघाच्या दूधगाडीचा ड्रायव्हर, रोज गारगोटीच्या बाजूनं दूध घेऊन कोल्हापूरला यायचा. फ्लॉपीला ओल लागू नये म्हणून प्रसेनजीत ती धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून द्यायचा. पहिली फ्लॉपी परत आली त्या दिवशी मी त्याच्या दुकानात होते. त्यानं ती मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर अक्षरं उमटली, ज्ञानू आला, वाट सापडली, माझ्या मागून या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कीबोर्डवरच्या धुळीवर ढकललं.

दीड-दोन वर्षं हा डाव असा दूधगाडीतून चालला. जोतीरामला दूध संकलनाच्या वेळी पडदा मोकळा मिळायचा नाही, म्हणून फ्लॉपी आली की तो आमची गोष्ट पावतीच्या कागदावर छापून घ्यायचा आणि म्हशीला वैरण टाकताना, वडिलांचे पाय चोळताना वाचायचा. त्यानंच एकदा लिहिलं होतं की दिवसभर दुधाचे आकडे बोलून बोलून तोंडाला आंबूस वास येतो, ज्ञानू बोलला की तेवढा जातो. तो एवढं लांब वाक्य लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग ती चूक झाली. गोष्टीत ज्ञानू कड्यावरून घसरला होता. प्रसेनजीतनं नेहमीप्रमाणं शेवटी प्रश्न टाकला होता. ज्ञानू जखमी, रक्त थांबत नाही, मदत कोण करणार? जोतीरामनं सकाळी संकलन सुरू व्हायच्या आधी ते छापायला सोडलं आणि तेवढ्यात रांग लागली. दूध मोजायचं, नमुना फॅट मोजायच्या मशीनला लावायचा, ज्यावर दुधाचा दर ठरतो ती फॅट किती लागली ते मोठ्यानं सांगायचं, पावती फाडून द्यायची. हात सवयीनं चालले होते. रांगेत पुढं होत्या चिमणाबाई, एका म्हशीवर घर चालवणाऱ्या. जोतीरामनं कागद फाडला आणि न बघता त्यांच्या हातात दिला.

पुढचं आकारामनं आम्हाला रंगवून रंगवून सांगितलं. चिमणाबाईंनी घरी जाऊन पावती सुनेपुढं धरली, आज फॅट किती ते वाच म्हणून. सुनेनं एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि चिमणाबाई हळदीची पुडी घेऊन पळतच संस्थेत आल्या. आमच्याकडं बायासुद्धा 'आलो, गेलो' असंच बोलतात. रांगेसमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "कुठं पडलाय ह्यो ज्ञानू? रगत थांबंना म्हंत्यात. म्या हळद घिऊन आलो की."

सगळी रांग हसायला लागली. जोतीरामनं कानकोंडा होऊन खेळ काय आहे ते समजावून सांगितलं. बाईंनी त्याला चार शब्द ऐकवले, सकाळच्या पारी म्हातारीला पळवतोस म्हणून. पुडी मात्र टेबलावरच राहिली. जाता जाता दारातून त्यांनी मागं वळून विचारलं की वाचला का न्हाय त्यो?

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण रांगेत कुणीतरी म्हणालं की या मशीनमध्ये खेळ चालतोय, तर मग आमची फॅट पण खेळातलीच का? दूध संस्थेत एवढं वाक्य पुरतं. चेअरमन, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, दुपारी संस्थेत आले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी जोतीरामला सांगितलं की तुझ्यावर माझा भरोसा आहे, पण मशीनवर लोकांचा भरोसा राहिला पाहिजे, तेव्हा हे आजच पुसून टाक. जोतीरामनं त्यांच्यासमोर पुसलं.

दोन दिवसांनी आकारामनं फ्लॉपी आणून दिली. त्यात एकच ओळ होती. ज्ञानूला मरू द्या, तुम्ही पुढं जावा.

त्या रविवारी ललिताकाकूंनी केलेला चहा तसाच निवला. विश्वजितनं मोठ्या उत्साहानं एक नवी सीडी आणली होती. परदेशातला तयार प्रोग्रॅम. रंगीत नकाशे, पडद्यावर गडगडणारे फासे, सूरज सरदाराच्या घोड्याचंसुद्धा चित्र. फक्त चालायचा नव्या विंडोजवरच. तो म्हणाला की आपण तिघं त्याच्या घरी जमू, चौथा कुणीतरी घेऊ, आणि जोत्यानं स्वतःच सोडलंय तर आपण तरी किती ताणायचं? मला त्याचा राग आला आणि तो चित्रातला घोडा बघावासाही वाटला, दोन्ही खरं.

प्रसेनजीतनं सीडी हातात घेतली, उलटसुलट बघितली, चांगलं काम केलंय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला चांगलं काम आवडायचंच. मग ती परत देत त्यानं सांगितलं, "जे जोत्यापाशी चालत न्हाय, ते आपल्यात चालत न्हाय. मशीन गेलं असंल तर बिनमशीनचं करू."

बिनमशीनचं म्हणजे कसं, हे मी विचारलं. तो म्हणाला की मशीन कशाला लागत होतं, ते त्यानं पुन्हा पहिल्यापासून बघितलंय. डावाला दोनच गोष्टी लागतात, एक प्रश्न आणि एक आकडा. प्रश्न आकाराम तोंडी नेईल, त्याची जीभ कुठल्याही फ्लॉपीपेक्षा दमदार आहे. आणि आकडा जोतीरामपुढं रोज दोन वेळा पडतोच. फॅटचा. सहा पॉइंट चार, सात पॉइंट एक. त्यातला पॉइंटनंतरचा आकडा धरायचा, शून्य ते नऊ, आपल्या डबीतल्यासारखाच. तो संस्था मोठ्यानं बोलते, सगळी रांग ऐकते, आणि तो कुणाला हलवता येत नाही. मी बघतच राहिले. दीड-दोन वर्षं चार मशीनं एकमेकांशी बोलती करण्यात घालवलेला माणूस, ते सगळं एका दमात बाजूला सारून म्हशीपाशी जाऊन उभा राहिला होता. विश्वजितनं सीडी परत पिशवीत घातली. नियमांच्या बाबतीत तो आमच्यातला सगळ्यात कडक, आणि या फाशात त्याला खोट काढता येईना.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दुपारची एसटी धरून निघालो. कळंब्याचं तळं मागं पडलं तेव्हा विश्वजित म्हणाला की मोटारसायकलवर आलो असतो, पण तिच्यावर तिघं कसे बसणार. हा माणूस तिघांचा विचार करायला लागला होता, हेच मला नवीन.

संस्थेत पोचलो तेव्हा संध्याकाळची रांग लागायला लागली होती. जोतीराम आम्हाला बघून उठला आणि पुन्हा बसला. हडकला होता. नमुन्याच्या बाटल्या उगाच सरळ करत राहिला. प्रसेनजीत आधी आबांकडं गेला. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही मशीनला हात लावणार नाही, जोतीरामही खेळासाठी लावणार नाही, फक्त फॅटचा आकडा जो सगळ्यांना सांगितला जातो तो आम्ही ऐकू. आबांनी त्याला आपादमस्तक बघितलं.

"आकडा सगळ्यास्नी ऐकू येतोयच की पावणं," ते म्हणाले. "त्याला माझी परवानगी कशाला?"

मग प्रसेनजीत जोतीरामच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि त्याला हळूच म्हणाला की ज्ञानू अजून कड्याखाली पडलेला आहे. आम्ही त्याला मेला धरलेलं नाही. तुझं माणूस, तुझा आकडा. पाच किंवा वर आला तर वाचला, नाही आला तर नियमानं गेला, मग आम्ही त्याला रीतसर पोचवू आणि तुला नवं माणूस घ्यायचं नसेल तर नको घेऊस. जोतीरामनं मान वर न करता कुणाच्या दुधावर, एवढंच विचारलं.

"माझ्या," रांगेतून आवाज आला. चिमणाबाई चरवी घेऊन पुढं आल्या. "चिठ्ठी मला आलती. माझ्या म्हशीची धरा."

रांगेतल्या कुणी हरकत घेतली नाही. उलट मागचे लोक पुढं सरकले. आकारामनं ज्ञानूची कहाणी गावभर पोचवली होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जोतीरामनं दूध मोजलं. नमुना घेतला. मशीनला लावला. मशीन घुरघुरलं. जोतीरामनं आकडा बघितला आणि रोजच्यासारखा मोठ्यानं सांगितला, "सहा पॉइंट तीन."

तीन. मी मनातल्या मनात त्या म्हशीला शिव्या घातल्या. विश्वजितनं तोंड फिरवलं. प्रसेनजीत, ज्यानं हा सगळा घाट घातला होता, तो नुसता उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच हरलेला माणूस दिसला. नियम त्यानंच केले होते, तो ते मोडणार नव्हता. मोडले असते तर जोतीरामनंच ते घेतलं नसतं.

"गेला," जोतीराम म्हणाला. पावती फाडून त्यानं चिमणाबाईंच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाच्या किटलीला हात घातला.

चिमणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "कोण गेला?" त्या म्हणाल्या. "म्या हळद दिलती की. ती कुठं गेली?"

मग प्रसेनजीत एकदम जागा झाल्यासारखा टेबलावर वाकला. त्यानं जोतीरामला विचारलं की त्या दिवशी प्रश्नाची चिठ्ठी कुणाच्या हातात पडली. जोतीराम म्हणाला, या मावशींच्या, चुकून. चुकून का असेना, पडली ना, प्रसेनजीत म्हणाला. आणि उत्तर काय दिलं त्यांनी?

जोतीरामनं टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत संस्थेचा शिक्का होता, शाईचं पॅड होतं, कागदाचे रोल होते. त्यांच्या मागून त्यानं वर्तमानपत्राच्या कागदातली एक पुडी काढली. दोरा तसाच बांधलेला होता, फक्त हळदीनं कागद पिवळा झाला होता. ज्ञानूला मरू द्या म्हणून आम्हाला लिहिणाऱ्या या माणसानं ज्ञानूची हळद इतके दिवस जपून ठेवली होती.

"न्हाय लावली व्हय अजून?" चिमणाबाई त्याच्यावर खेकसल्या. "ठिवून काय तिचं लोणचं घालतोस? लाव त्येला."

प्रसेनजीतनं विश्वजितकडं बघितलं. नियमांचा कडक माणूस पुढं आला, त्यानं पुडीवर एक बोट ठेवलं, आणि कोर्टात निकाल वाचावा तसा म्हणाला, "उपचाराचे दोन. तीन नि दोन पाच. वाचला."

मी रडले, हे सांगून टाकते. ललिताकाकूंना काय सांगायचं ते मनात जुळवत होते आणि रडत होते. रांगेतल्या बाया माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या, पण मला त्याचं काही वाटलं नाही. प्रसेनजीतनं खिशातून कागदाचा कपटा काढला, त्यावर नेहमीचा प्रश्न लिहिला, आता काय करणार, आणि तो टेबलावर ठेवला. जोतीरामनं तो उचलला. त्यानं माझ्याकडं नाही बघितलं, विश्वजितकडं नाही, प्रसेनजीतकडंही नाही. अख्ख्या गावाची रांग समोर उभी होती, आणि हजेरीला नुसता हात वर करणारा हा माणूस त्या सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात बोलला.

"मी उठतो," तो म्हणाला. "वाट मला ठावं हाय. माझ्या मागनं या."

रांगेच्या शेवटाकडून कुणीतरी विचारलं की उठला असंल तर दूध घ्यायला सुरुवात करता का, म्हशी वाट बघत्यात. जोतीराम हसला आणि त्यानं पुढची किटली ओढून घेतली.